तालुक्याचा बसस्टँड आखताना: रस्त्यापासून बसच्या दारापर्यंतची कोरडी वाट

गोव्यात नवा बसस्टँड बांधायचा ठरला की पहिलं चित्र निघतं ते दर्शनी भागाचं: उतरतं कौलारू छप्पर, चिऱ्याच्या कमानी, मधोमध घड्याळ. आराखडा तिथून सुरू करू नका. जुलैचा पाऊस, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मूल, आणि रस्त्यापासून बसच्या दारापर्यंत न भिजता, एकाही बसच्या वाटेत न येता पोचायचं आहे, अशा माणसाची चालण्याची रेषा नकाशावर आधी काढा. बाकी सगळं या रेषेभोवती बसवायचं. ती नंतर बसवायला गेलं की तुटते, आणि तुटलेल्या जागी पुढची तीस वर्षं लोक छत्री उघडून बसच्या चाकांमधून वाट काढतात.

खालची मापं म्हापसा, फोंडा, कुडचडे, डिचोली अशा गावांच्या मध्यम स्टँडला लागू पडतील अशी घेतली आहेत: गर्दीच्या तासाला वीस-तीस बस, त्यांत कदंबच्या (गोवा सरकारच्या महामंडळाच्या) मोठ्या बस आणि खाजगी मिनीबस एकत्र.

आधी मोजणी

दोन दिवस मोजा: एक साधा कामाचा दिवस आणि एक बाजाराचा. म्हापशाला शुक्रवार सोडून केलेली मोजणी फुकट जाते. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आदल्या आठवड्याची गर्दी वेगळी मोजून ठेवा, पण इमारत त्या आकड्यावर बेतू नका. त्या दिवसांसाठी मोकळी जागा आणि तात्पुरता मांडव पुरतो.

प्रत्येक बसच्या चार गोष्टी टिपा: आत आली ती वेळ, बाहेर पडली ती वेळ, किती उतरले, किती चढले. सकाळी 7 ते 10 आणि दुपारी 4 ते 8 एवढं पुरे. मग हिशेब सोपा आहे. तासाला येणाऱ्या बस गुणिले प्रत्येकीचा थांबण्याचा वेळ मिनिटांत, भागिले 60. आलेल्या आकड्याला पुन्हा 0.65 ने भागायचं, कारण बस ठरल्या अंतराने येत नाहीत, दोन-तीन एकदम येतात.

तासाला 24 बस आणि प्रत्येकी 8 मिनिटं धरली तर 3.2 येतात, 0.65 ने भागून 4.9, म्हणजे पाच बे (बे म्हणजे एक बस फलाटाला लागते ती जागा). त्याच 24 बस बेवरच 20 मिनिटं उभ्या राहिल्या तर 12.3, म्हणजे तेरा बे लागतील. इंजिन बंद करून पुढच्या फेरीची वाट पाहणारी बस फलाटाला लागून उभी राहत असेल, तर कितीही मोठी जागा घ्या, अपुरीच पडणार. म्हणून चढण्या-उतरण्याची जागा आणि बस विसाव्याला उभी करायची जागा पहिल्या नकाशापासून वेगळ्या दाखवा. आपल्याकडच्या बहुतेक स्टँडांची घुसमट जागेच्या टंचाईने होत नाही, ही एक विभागणी न केल्याने होते.

उभ्या माणसांचा हिशेबही याच मोजणीतून निघतो. तासाला 720 माणसं चढतात आणि प्रत्येक जण सरासरी 10 मिनिटं थांबतो, तर एका वेळी 120 माणसं उभी असतात. बाजाराच्या दिवसासाठी दीडपट धरा, 180. पिशवीसकट माणसाला 1.2 चौ.मी. दिला तर सुमारे 216 चौ.मी. जागा हवी. ही निव्वळ थांबण्याची जागा आहे, चालण्याचा पट्टा वेगळा.

बस कुठून शिरेल, कुठून बाहेर पडेल

आपल्याकडे बसचं दार डावीकडे आणि वाहतूक डाव्या बाजूने. म्हणून फलाट जागेच्या कडेने आणि बस आतल्या बाजूने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारी, ही रचना सर्वांत सुरक्षित. दार कायम कडेच्या फलाटाकडे राहतं. समजा रस्ता जागेच्या दक्षिणेला आहे. जागेला लागून जाणारी बस पूर्वेकडे तोंड करून येते, पश्चिमेकडच्या पहिल्या फाटकातून डावीकडे वळून आत शिरते, वर जाते, फिरते आणि पूर्वेकडच्या फाटकातून पुन्हा डावीकडे वळून बाहेर पडते. समोरून येणाऱ्या वाहनांना कापावं लागत नाही. चालणाऱ्यांची पायवाट पहिल्या फाटकाच्या पश्चिमेला आणि दुसऱ्या फाटकाच्या पूर्वेला ठेवा. दोन्हीकडून माणूस बसचा रस्ता न ओलांडता थेट फलाटावर येतो.

मधोमध बेट करून त्याभोवती बस फिरवायच्या असतील तर दिशा उलटी करावी लागते आणि प्रत्येक प्रवाशाला बसचा रस्ता ओलांडावाच लागतो. जागा अगदीच लांबट असली तरच हा मार्ग घ्या, आणि ओलांडायची जागा एकच ठेवा, फलाटाच्या उंचीला उचललेली.

12 मी. लांबीच्या बसला वळायला बाहेरची त्रिज्या साधारण 12.5 मी. लागते आणि आतली 5.3 मी. म्हणजे वळणावर ती सव्वासात मीटर रुंदीचा पट्टा झाडत जाते. फाटक 7.5 मी. पेक्षा अरुंद ठेवलं की मागचं चाक कठड्यावर चढतं, आणि सहा महिन्यांत कोपऱ्याचा चिरा फुटलेला दिसतो. पूर्ण वळणाला 25 मी., दोन्ही कडांना बससाठी प्रत्येकी 3 मी. आणि फलाटासाठी प्रत्येकी 5 मी. धरले की जागेची किमान रुंदी 41 मी. येते. मधल्या 25 मीटरमध्ये दोन बाजूंना 7-7 मीटरचे रस्ते आणि त्यांच्यामध्ये 11 मीटरचा पट्टा उरतो. हाच विसाव्याचा पट्टा. त्यात बसच्या दोन रांगा मावतात, मध्ये ड्रायव्हरला चालायला जागा राहते. मागे-पुढे उभ्या बसमध्ये 5 ते 6 मी. सोडा, म्हणजे मागची बस पुढचीला न हलवता निघू शकते. रस्ता 7 मीटरचाच हवा, साडेतीनचा नको. एक बस बंद पडली की दुसरीला बाजूने जाता आलं पाहिजे.

बेची मांडणी दोन प्रकारची. करवतीच्या दात्यांसारखी तिरकी, जिथे बस सरळ येते आणि सरळ पुढे निघते. किंवा तोंड फलाटाला लावून उभी, जिथे निघताना बस मागे घ्यावी लागते. पहिलीला 12 मीटरच्या बसमागे फलाटाची 17 ते 18 मी. लांबी लागते, दुसरीला 45 अंशात साधारण साडेपाच. जागेचा मोह दुसरीकडे ओढतो. पण बस मागे घेताना कंडक्टरच्या शिट्टीवर भरवसा ठेवावा लागतो आणि पावसात ती ऐकू येत नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी सुटणाऱ्या पणजी, मडगावसारख्या मार्गांना तिरके बे द्या. दिवसातून चार फेऱ्यांच्या गावांच्या बस तोंड लावून उभ्या केल्या तर चालेल, पण त्यांच्या मागून पायवाट कधीही जाऊ देऊ नका.

तोंड लावायच्या बेमध्ये एक चूक हमखास होते. मोठ्या बसचा पुढच्या चाकांपुढचा भाग सुमारे अडीच मीटर असतो, म्हणून चाक अडवायचा दगड फलाटापासून 2.5 मीटरवर घालतात. तिथेच मिनीबस लावली की तिचं नाक फलाटापासून हातभर लांब थांबतं आणि प्रवासी त्या फटीतल्या पाण्यात उतरतो. मोठ्या आणि लहान बसना वेगवेगळे बे द्या, आणि दगड घालण्याआधी त्या मार्गावरची बस टेपने मोजा. दार पुढे आहे की मागे, तेही पाहा.

छप्पर

पणजीला वर्षाला सुमारे 3000 मिमी पाऊस पडतो, वाळपई-सांग्याच्या बाजूला त्याहून अधिक, आणि जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. तो सरळ पडत नाही. नैर्ऋत्येच्या वाऱ्यात 45 अंशांनी आत येतो असंच धरून चला: छपराची कड जितकी उंच, तितकंच आत पाणी येणार. बसवर कड न्यायची तर ती किमान 4.5 मी. उंच हवी, कारण बसची उंची 3.8 मीटरपर्यंत असू शकते आणि टपावर सामानही असतं. म्हणजे कडेपासून साडेचार मीटर आतपर्यंत भिजणार, आणि फलाट तर पाचच मीटरचा.

यावर उपाय म्हणजे दोन छपरं. बसच्या बाजूचं उंच, कड फलाटाच्या काठापलीकडे दीड मीटर बाहेर, म्हणजे दाराच्या पायरीवर पाणी पडत नाही. त्याच्या खाली, आतल्या बाजूला, 2.8 ते 3 मीटरवर दुसरं, त्याखाली बाकडी. दक्षिण आणि पश्चिमेकडे चिऱ्याची किंवा लाकडी पट्ट्यांची जाळी भिंत, खालून 300 मिमी उघडी, म्हणजे वारा खेळतो आणि झाडूने पाणी बाहेर जातं. पूर्ण बंद भिंत घातली तर पाऊस थांबेल, पण मे महिन्यात तिथे कोणी बसणार नाही.

पत्रा की कौलं, हा वाद नेहमी होतो. मंगळुरी कौलांना 25 ते 30 अंशांचा उतार लागतोच. त्याहून कमी उतारावर पाणी उलटं चढून आत गळतं. मोठ्या पसाऱ्याला तेवढा उतार दिला की मधली उंची फार वाढते, म्हणून कौलं खालच्या छपराला आणि पत्रा वरच्याला, असं वाटून घ्या. पत्र्याखाली आवाज शोषणारा थर न टाकता पैसे वाचवू नका. मुसळधार सरीत नुसत्या पत्र्याखाली घोषणा तर सोडाच, शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही, आणि दृष्टी नसलेल्या प्रवाशाचा सगळा आधार कानावर असतो.

पन्हळीचा हिशेब असा. 1 चौ.मी. वर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर. 600 चौ.मी. छपरावर तासाला 150 मिमीच्या वेगाने सर आली तर सेकंदाला 25 लिटर पाणी. 100 मिमी व्यासाचा एक उतरता नळ तासाला 100 मिमी पावसात साधारण 40 चौ.मी. छपराचं पाणी नेतो, 150 मिमीच्या वेगात 28 चौ.मी. चं. म्हणजे असे एकवीस-बावीस नळ लागतात, नाहीतर 150 मिमी व्यासाचे कमी संख्येने. नकाशावर बहुधा सहा दाखवलेले असतात. दोन छपरांच्या मध्ये, माणसांच्या डोक्यावर येणारी खोलगट पन्हळ टाळाच. आंब्या-फणसाची पानं पहिल्या पंधरा दिवसांत तिचं तोंड बंद करतात. पन्हळ बाहेरच्या कडेला ठेवा आणि तिला भरून वाहायची खाच बसच्या रस्त्याच्या बाजूला द्या.

खांब काठापासून किमान 1.2 मी. आत. तिरक्या बेमध्ये बसचं नाक आणि आरसा फलाटावरून फिरतो. लोखंडी खांबाचं बूड जमिनीत गाडू नका, 300 ते 450 मिमी उंच काँक्रीटच्या चौथऱ्यावर घ्या. खारा वारा आणि धुण्याचं पाणी मिळून जमिनीलगतचा वीतभर भाग आधी खातात. किनाऱ्याजवळ कठड्यांना 304 प्रतीचं स्टील काही महिन्यांत तांबूस डागाळतं, 316 घ्या.

जमीन आणि पाणी

बसच्या रस्त्याला डांबर नको. गळणारं डिझेल डांबर विरघळवतं, आणि एकाच जागी थांबणाऱ्या चाकांखाली त्याच्या लाटा होतात. पेव्हर ब्लॉकही वळणावर टिकत नाहीत, कारण जागच्या जागी वळणारी चाकं त्यांना कडेला ढकलतात आणि खालची वाळू पावसात निघून जाते. 200 ते 250 मिमी जाडीचं एम-40 प्रतीचं काँक्रीट, खाली 100 ते 150 मिमी कमी सिमेंटच्या काँक्रीटचा थर, आणि साधारण साडेचार मीटरवर सांधे. सांधा चाक थांबतं तिथे येणार नाही असा आखा. पेव्हर फलाटाबाहेरच्या पायवाटेला ठेवा.

उतार फलाटापासून दूर जाणारा, 1:100 ते 1:60. फलाटाच्या काठाशी पाणी येतंय आणि तिथेच जाळी आहे, हे चित्र बरोबर उलटं. चाक त्या पाण्यातून गेलं की ते पहिल्या रांगेतल्या माणसांवर उडतं. चराच्या जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेला आडव्या हव्यात, म्हणजे पायलटच्या (भाड्याने प्रवासी नेणाऱ्याच्या) मोटरसायकलचं चाक त्यांत अडकत नाही. दर 15-20 मीटरवर गाळ बसायचा खड्डा, आणि नाल्यात सोडण्याआधी तेल अडवणारी टाकी.

खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल) जमिनीवर किंवा खाडीकाठी स्टँड येत असेल (आपल्याकडे मोकळी जागा म्हणून तीच पुढे केली जाते) तर दोन गोष्टी आधी ठरवा. पहिली भरतीची. मोठ्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी सुमारे 2 मी. वर-खाली होते, आणि मोठी सर भरतीच्या वेळी आली तर तुमच्या गटाराचं तोंड पाण्याखाली असतं. मानशीचं (खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या वाटेचं) दार जसं भरतीला आपोआप मिटतं तशी झडप तोंडाशी हवी, आणि ती मिटलेली असताना पाणी साठवायला टाकी. 4000 चौ.मी. आवारावर 50 मिमी पडला तर 200 घनमीटर. टाकीला पुरेशी जागा नसेल तर मधला विसाव्याचा पट्टा खोलगट ठेवा, म्हणजे त्यातलं काही पाणी तिथे मावतं. तिथे तासभर पाणी राहिलं तरी प्रवाशाचे पाय कोरडे राहतात. फलाटाची पातळी मात्र आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराच्या खुणेपेक्षा किमान 450 मिमी वर घ्या, आणि ती खूण शेजारच्या जुन्या घरांच्या भिंतींवर शोधा.

दुसरी गोष्ट भरावाची. मऊ चिखलावर दोन मीटर माती टाकली की तिच्याच वजनाने जमीन वर्षानुवर्षं खचते. इमारत पाइलवर (जमिनीत खोल रोवलेल्या खांबांवर) असल्याने जागेवर राहते, आवार खाली जातं. मग इमारतीच्या दाराशी नवी पायरी तयार होते, उताराचा रॅम्प तुटतो आणि गटाराचा उतार उलटा होतो. भराव आधी टाकून, त्यावर जादा मातीचा भार ठेवून किमान एक पावसाळा जाऊ द्या, मगच काँक्रीट. ठेकेदाराच्या वेळापत्रकात हा पावसाळा नसतो, तो निविदेतच लिहून घ्या. सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) परवानगीही याच टप्प्यावर पाहा, नकाशे पूर्ण झाल्यावर नव्हे.

फलाट

पाच मीटर रुंदी अशी वाटा: काठापासून दीड मीटर ओला पट्टा, जिथे लोक छत्र्या मिटतात आणि झटकतात, मग चालायचा दोन मीटर पट्टा, पूर्ण मोकळा, मग दीड मीटर बाकडी. रांगा जिथे लांबतात त्या मार्गांपुढे आणखी दोन मीटर द्या. मगाशी काढलेले 216 चौ.मी. ओल्या पट्ट्यात मोजू नका. ओल्या पट्ट्याला खरबरीत ग्रॅनाइट किंवा खाचा पाडलेली फरशी. पॉलिश केलेली फरशी उद्घाटनाच्या फोटोत चमकते आणि जूनमध्ये माणसं पाडते.

काठाची उंची 150 मिमी. यापेक्षा फार उंच केली की तिरक्या बेमध्ये बसचा तळ घासतो. लो-फ्लोअर बसचा तळ जमिनीपासून 400 मिमीवर असतो, म्हणजे 250 मिमीचं अंतर उरतंच. ते बसच्या फळीने भरून काढायचं, आणि त्या फळीसमोर खांब, कचऱ्याचा डबा, बाकडं काही नको. रस्त्यावरून फलाटावर येणारा रॅम्प 1:12 पेक्षा तीव्र नसावा. 450 मिमी चढायला 5.4 मी. लांबी लागते, ती सुरुवातीलाच राखून ठेवा. मागाहून बसवलेले रॅम्प नेहमी 1:6 होतात आणि तिथे दुचाकी उभ्या राहतात. दृष्टिहीनांसाठीच्या उंचवट्याच्या 300 मिमी फरश्या फाटकापासून चौकशी खिडकी, शौचालय आणि प्रत्येक बेच्या दारापर्यंत सलग न्या. त्या मध्येच संपल्या तर नसलेल्या बऱ्या.

पाटी 15 मीटरवरून वाचायची तर अक्षर 75 मिमी उंच हवं. देवनागरीत वेलांट्या-उकार वर-खाली जातात, म्हणून 90-95 धरा. मार्गाचं नाव बेच्या डोक्यावर आणि खांबावर डोळ्यांच्या उंचीला, दोन्हीकडे. कंडक्टर ‘पणजी पणजी’ ओरडतो तो नवख्या माणसाला खरोखर उपयोगी पडतो, त्याला उभं राहायला दाराशेजारी मीटरभर जागा सोडा.

पायलट, गाडे, शौचालयं

मोटरसायकल पायलट आणि रिक्षा ही स्टँडचीच अंगं आहेत. त्यांना जागा दिली नाही तर ती ते बसच्या फाटकात घेतात, आणि ते स्वाभाविक आहे, कारण गिऱ्हाईक तिथे उतरतं. उतरण्याच्या बेपासून दिसेल अशी, छपराखाली, एका मोटरसायकलमागे 1 बाय 2 मी. आणि पुढे 2 मीटरचा मार्ग. त्यांची बाहेर पडायची वाट बसच्या फाटकातून नको. गाड्यांचंही तसंच: फुलं, भाजी, भजी-पाव विकणाऱ्यांना 2 बाय 2 मीटरचे ओटे, प्रत्येकी नळ आणि सांडपाण्याची जाळी, बाकड्यांच्या मागच्या बाजूला. मासळीच्या टोपल्या घेऊन येणाऱ्या बायांसाठी पाय आणि टोपली धुवायचा एक कट्टा उतरण्याच्या बाजूला ठेवा. त्याचं पाणी फलाटावर यायचं थांबलं की अर्धा वास जातो.

शौचालय टोकाला, कोपऱ्याआड ढकलू नका. दार चौकशी खिडकीतून दिसलं पाहिजे, संध्याकाळी सातनंतर बायकांना एवढ्यानेच धीर येतो. पुरुषांची भांडी आणि मुताऱ्या मिळून जितकी बेरीज, तितकी तरी भांडी बायकांकडे द्या. आत पिशवी टांगायला मजबूत आकडा, कारण ओल्या जमिनीवर कोणी बाजार ठेवत नाही. व्हीलचेअरसाठी एक खोली 2.2 बाय 2 मी., दार बाहेर उघडणारं, मोकळी रुंदी 900 मिमी. 500 चौ.मी. छपरावरून वर्षाला हजार-बाराशे घनमीटर पाणी मिळतं; निदान पावसाळ्याचे चार महिने फ्लशला नळाचं पाणी वापरावं लागू नये. ड्रायव्हर-कंडक्टरांची विश्रांतीची खोली विसाव्याच्या पट्ट्याजवळ, खाटा आणि वेगळ्या शौचालयासह. ती लांब असली की बस फलाटावरच थांबते, आणि पाच बेचा स्टँड पुन्हा तेरा बेचा होतो.

इलेक्ट्रिक बससाठी आज चार्जर बसवायचे नसले तरी विसाव्याच्या पट्ट्याखालून केबलचे रिकामे नळ आणि ट्रान्सफॉर्मरची जागा पुराच्या पातळीच्या वर राखून ठेवा. एक चार्जर 180 ते 240 किलोवॅटचा असू शकतो. नंतर काँक्रीट फोडायचं म्हणजे स्टँड बंद ठेवायचा.

काँक्रीट ओतण्याआधी

सपाट केलेल्या आवारात बे, काठ आणि खांब चुन्याने खऱ्या मापात आखा. खांबांच्या जागी बांबू रोवा. मार्गावरची सर्वांत लांब बस आणि एक मिनीबस, त्यांच्या नेहमीच्या ड्रायव्हरांसह, आणून प्रत्येक बेमध्ये लावून पाहा, शेजारच्या बेमध्ये बस उभी असताना. जो बांबू पडेल तो खांब हलवा. ड्रायव्हर म्हणाला की इथे आरसा दिसत नाही, तर नकाशा बाजूला ठेवून त्याचं ऐका. अर्धा दिवस जातो.

छप्पर झालं की टँकरचं पाणी पन्हळीत सोडून प्रत्येक नळ तपासा. ताबा घेण्याची तारीख पहिल्या मोठ्या पावसानंतरची ठेवा, ठेक्याची शेवटची रक्कमही. त्या दिवशी खडूने फलाटावर ओल्याची कड आखा: बाकडी कोरडी आहेत का, दाराच्या पायरीवर धार पडते का, रॅम्पच्या तळाशी पाणी साचतं का. त्यानंतर दर वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात पन्हळी, गाळाचे खड्डे आणि भरतीची झडप साफ झाल्याची नोंद वहीत, सही आणि तारखेसह. ऑगस्टमध्ये पन्हळी एकदा पुन्हा.